नगरातील पूल आणि प्रेमकुलुपे : पॅरिसच्या 'पाँ दे झार' पुलावरील वादाचे विवेचन

गोषवारा

पुलाच्या कठड्याला दोघांची नावे लिहिलेले कुलूप लावायचे आणि किल्ली नदीत टाकून द्यायची, ही प्रथा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातील अनेक नगरांत पसरली. पॅरिस येथील 'पाँ दे झार' या पादचारी पुलावर तिचा विस्तार एवढा झाला की जून २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि जून २०१५ मध्ये नगर प्रशासनाने तेथील कुलुपे सरसकट काढून टाकली. प्रस्तुत लेखात या प्रथेचा उगम, पुलावर पडणाऱ्या भाराचे स्वरूप, वादातील परस्परविरोधी भूमिका आणि सार्वजनिक वास्तूवरील हक्काचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रेमकुलूप, सार्वजनिक अवकाश, वारसावास्तू, सामायिक संपत्ती, पर्यटन, नगर प्रशासन

१. प्रास्ताविक

पूल ही नगरातील सर्वांत उपयुक्त आणि त्याच वेळी सर्वांत भावविश्वाशी जोडलेली वास्तू होय. दोन तीरांना जोडणे हे तिचे काम असल्याने दोन जिवांच्या मीलनाचे प्रतीक म्हणून ती सहज स्वीकारली जाते. मात्र प्रतीक म्हणून पुलाकडे पाहणारा आणि त्याची देखभाल करणारा असे दोन वर्ग एकाच कठड्यापाशी समोरासमोर आले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण गेल्या दोन दशकांत युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील अनेक नगरांनी अनुभवले. एका जोडप्याचे शंभर ग्रॅम वजनाचे कुलूप ही वस्तुतः क्षुल्लक बाब आहे. तिच्यावरून स्वाक्षरी मोहिमा निघाव्यात, महापालिकांनी दंड ठरवावेत, निवडून आलेल्या प्रतिनिधींनी एकमेकांवर प्रेमद्वेष्टेपणाचे आरोप करावेत, हे वरवर पाहता हास्यास्पद वाटते. परंतु या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे. जी वस्तू सर्वांची आहे तिच्यावर आपली खूण ठेवण्याचा अधिकार कोणाला, आणि त्या खुणेचे ओझे कोणी वाहावयाचे, असा तो प्रश्न आहे.

२. प्रथेचा उगम आणि प्रसार

या प्रथेचे एकच एक उगमस्थान दाखविता येत नाही. सर्वाधिक सांगितली जाणारी कथा सर्बियातील व्र्नयाच्का बान्या या उष्ण झऱ्यांच्या गावाची आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथील नादा नावाची शिक्षिका आणि रेल्या नावाचा सैनिक गावातील पुलावर भेटत असत. युद्धासाठी रेल्या ग्रीसमध्ये गेला, तेथे कोर्फू बेटावरील एका स्त्रीच्या प्रेमात पडला आणि परतलाच नाही. नादा झुरून मरण पावली. पुढे गावातील तरुणींनी आपले प्रेम तरी अभंग राहावे म्हणून त्या पुलाच्या कठड्यावर आपली व प्रियकराची नावे लिहिलेली कुलुपे लावण्यास प्रारंभ केला, अशी आख्यायिका आहे. सर्बियन कवयित्री देसांका माक्सिमोविच यांनी या कथेवर कविता लिहिल्यामुळे विस्मृतीत जाऊ पाहणारी ही कथा पुन्हा लोकांसमोर आली. या आख्यायिकेतील विरोधाभास सहसा कोणी लक्षात घेत नाही. आज अखंड प्रेमाची ग्वाही म्हणून जी खूण केली जाते, तिची मूळ कथा प्रतारणेची आहे.

हंगेरीतील पेच या नगरात १९८० च्या दशकापासून एका लोखंडी कुंपणावर कुलुपे लावली जात असल्याची नोंद आहे. चीनमधील हुआंगशान पर्वतावरील साखळ्यांना कुलुपे लावून किल्ली दरीत टाकण्याची रीत प्रसिद्ध आहे. म्हणजेच कुलूप हे बंधनाचे, म्हणून निष्ठेचे चिन्ह मानण्याची कल्पना अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी.

तथापि या स्थानिक रीतीला जागतिक लाट बनविण्याचे श्रेय किंवा दोष एका इटालियन कादंबरीकडे जातो. फेदेरिको मोच्च्या यांच्या २००६ मध्ये प्रकाशित झालेल्या कादंबरीत नायक-नायिका रोममधील पोन्ते मिल्व्हिओ या पुलावरील दिव्याच्या खांबाला साखळी व कुलूप लावून किल्ली टायबर नदीत टाकतात. २००७ मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि इटलीतील तरुण-तरुणींची त्या पुलावर रीघ लागली. हा पूल साधासुधा नव्हे. इसवी सनपूर्व १०९ मध्ये तेथे दगडी पूल बांधला गेला आणि इसवी सन ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने मॅक्सेंशियसवर मिळविलेल्या विजयामुळे त्याचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले. एवढे शतकानुशतके टिकलेल्या पुलावरील दिव्याचा खांब मात्र २००७ मध्ये कुलुपांच्या भाराने अंशतः ढासळला. प्रशासनाने दंडाची भाषा करताच विरोधी उजव्या पक्षांनी हे सरकार प्रेमिकांच्या विरोधात आहे असा ओरडा केला. अखेर पुलावर खास पोलादी खांब व साखळ्या उभारून तडजोड करण्यात आली. सप्टेंबर २०१२ मध्ये तीही मोडीत निघाली आणि कुलुपे हटविण्यात आली.

३. 'पाँ दे झार' : पुलाची पार्श्वभूमी

पॅरिसमधील वाद समजून घेण्यासाठी त्या पुलाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सीन नदीच्या डाव्या तीरावरील फ्रेंच विद्वत्संस्था आणि उजव्या तीरावरील लूव्र राजवाडा यांना जोडणारा हा पूल नेपोलियन प्रथम कॉन्सल असताना हाती घेण्यात आला आणि १८०४ मध्ये पूर्ण झाला. पॅरिसमधील हा पहिला लोखंडी पूल होय. सेसार आणि दिलाँ या अभियंत्यांनी त्याला नऊ कमानी दिल्या होत्या. तो केवळ पायी चालणाऱ्यांसाठी होता, त्यावर झाडांच्या कुंड्या व बाके होती आणि प्रारंभी त्यावरून जाण्यासाठी पथकर द्यावा लागे. लूव्रला त्या काळी 'कलांचा राजवाडा' असे म्हटले जात असल्याने पुलाला 'कलांचा पूल' हे नाव मिळाले.

दोन महायुद्धांतील बाँबवर्षाव आणि जहाजांच्या वारंवार बसणाऱ्या धडका यांमुळे हा पूल खिळखिळा झाला. १९७५ मध्ये त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, पण १९७७ मध्ये तो रहदारीस बंद करावा लागला आणि १९७९ मध्ये एका मालवाहू नौकेच्या धडकेने त्याचा सुमारे ६० मीटरचा भाग नदीत कोसळला. १९८१ ते १९८४ या काळात वास्तुविशारद लूई आरेत्श यांच्या आराखड्यानुसार तो पोलादात पुन्हा बांधण्यात आला. जुने रूप राखून कमानी नऊऐवजी सात करण्यात आल्या, जेणेकरून नौकांना अधिक वाट मिळावी. १९८४ मध्ये पॅरिसचे तत्कालीन महापौर झाक शिराक यांनी त्याचे उद्घाटन केले. १९९१ मध्ये युनेस्कोने सीन नदीच्या पॅरिसमधील तीरांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, आणि हा पूल त्याच पट्ट्यात येतो.

या तपशिलांतील एक बाब पुढील वादाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. पुलाचा कठडा जाणीवपूर्वक विरळ जाळीचा ठेवलेला होता. लाकडी फळ्यांच्या पृष्ठभागावर बसलेल्या माणसालाही जाळीतून नदीचे पात्र, सिते बेटाचे टोक आणि त्यामागचा पाँ नफ पूल दिसत असे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पॅरिसकर येथे शिदोरी घेऊन येत, चित्रकार आपली घडवंची मांडीत. थोडक्यात, जाळीतील रिकामी जागा हा त्या वास्तूचा एक भागच होता. कुलुपे अडकविण्यास तीच जाळी अत्यंत सोयीची निघाली, हा योगायोग पुलाला महाग पडला.

पॅरिसमध्ये कुलुपे साधारण २००८ पासून दिसू लागली. मे २०१० मध्ये नगर प्रशासनाने वारसा जतनाच्या दृष्टीने चिंता व्यक्त केली, परंतु ठोस कृती झाली नाही. पुढील चार वर्षांत पुलाच्या दोन्ही बाजूंची जाळी पूर्णतः झाकली गेली. मूळ जाळीला जागा उरली नाही तेव्हा लोक कुलुपाला कुलूप अडकवू लागले. पुलाच्या तोंडाशी कुलुपे विकणारे फेरीवाले उभे राहिले. वसंत ऋतूतील पॅरिस पाहण्यास आलेल्या परदेशी जोडप्याला घरून कुलूप आणण्याचीही गरज उरली नाही. भावना, साधन आणि ते अडकविण्याची जागा अशा तिन्ही गोष्टी दहा पावलांच्या अंतरात उपलब्ध झाल्या.

८ जून २०१४ रोजी, रविवारी, कठड्याचा सुमारे २.४ मीटर लांबीचा एक भाग कुलुपांच्या वजनाने कोसळला. पूल तातडीने रिकामा करण्यात आला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

४. भाराचे गणित : नेमका धोका कशाला होता?

या घटनेनंतर 'प्रेमाच्या ओझ्याने पूल कोसळणार' अशा आशयाचे मथळे जगभर झळकले. लोकांच्या मनात पुलाच्या कमानी खचत असल्याचे चित्र उभे राहिले. साध्या अंकगणिताने हे चित्र तपासून पाहता येते.

जून २०१५ मध्ये पुलावरून काढलेल्या कुलुपांचे वजन सुमारे ४५ टन सांगण्यात आले. पुलाची लांबी १५५ मीटर आहे. म्हणजे पुलाच्या प्रत्येक मीटर लांबीवर दोन्ही बाजू मिळून सरासरी २९० किलोग्रॅम एवढा जादा भार होता. पादचारी पुलाचा आराखडा करताना गर्दीचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम धरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. पुलाची रुंदी दहा मीटरच्या आसपास धरली तर एक मीटर लांबीच्या पट्ट्याने सुमारे ५ टन गर्दी पेलणे अपेक्षित असते. त्या तुलनेत २९० किलोग्रॅम हा भार सहा टक्क्यांच्याही आत राहतो. राष्ट्रीय सणाच्या रात्री आतषबाजी पाहण्यास जमलेला समुदाय या पुलावर कुलुपांहून कितीतरी अधिक भार टाकू शकतो. त्यामुळे कमानी खचण्याची भीती अवास्तव होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

खरा धोका कठड्याला होता. कठड्याचे काम पुलाच्या कामाहून भिन्न असते. माणसे रेलली किंवा गर्दीने ढकलली गेली तर त्यांना पाण्यात पडू न देणे, म्हणजे आडवा दाब सहन करणे, यासाठी त्याची रचना केलेली असते. आतली जाळी तर केवळ मोकळी जागा भरण्यासाठी असते. जाळीवर उभा भार टांगला जाईल असे गृहीतच धरलेले नसते. पॅरिसच्या प्रशासनाने एकेका जाळीवरील भार ५०० किलोग्रॅमपर्यंत पोहोचल्याचे आणि तो मर्यादेच्या सुमारे चौपट असल्याचे सांगितले होते. शिवाय हा भार जाळीच्या पातळीत न राहता तिच्या बाहेर, दोन्ही अंगांना फुगवट्यासारखा लोंबत होता. त्यामुळे जाळीला चौकटीशी धरून ठेवणाऱ्या जोडांवर ओढीबरोबरच पिळाचाही ताण येत होता. गर्दीचा भार येतो आणि जातो, कुलुपांचा भार मात्र रात्रंदिवस आणि बाराही महिने तसाच राहतो.

यात गंजाची भर पडते. पितळी कुलूप पोलादी जाळीला घासते, जाळीवरील रंगाचा व जस्ताचा थर खरवडला जातो, आणि पावसाचे पाणी कुलुपांच्या दाट थरात अडकून राहते. ओलाव्याच्या सान्निध्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना टेकले की पोलादाची झीज वेगाने होते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. कुलुपांच्या थरामुळे जाळीची तपासणी आणि रंगकाम या नित्याच्या गोष्टीही अशक्य झाल्या होत्या. आणि या पुलाखालून दिवसभर पर्यटकांनी भरलेल्या उघड्या नौका जात असतात. अर्धा टन वजनाचा जाळीचा तुकडा अशा नौकेवर पडला तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. प्रशासनास जी भीती होती ती हीच, आणि ती अवास्तव नव्हती.

येथे एका आकड्याविषयी सावधगिरीची सूचना करणे योग्य ठरेल. या पुलावर 'दहा लाख कुलुपे' होती असे सर्वत्र छापले गेले. ४५ टनांना दहा लाखांनी भागले असता एका कुलुपाचे वजन ४५ ग्रॅम येते. प्रवासी पेटीला लावण्याचे चिमुकले कुलूप तेवढ्या वजनाचे असू शकेल, परंतु पुलावर लावली जाणारी मध्यम आकाराची कुलुपे सहसा याहून जड असतात. तेव्हा वजनाचा आकडा बरोबर असेल तर संख्येचा आकडा फुगविलेला असला पाहिजे. दहा लाख ही संख्या येथे मोजणीपेक्षा 'अगणित' या अर्थानेच वापरली गेली असावी.

५. वादातील भूमिका

कठडा कोसळण्यापूर्वीच, २०१४ च्या आरंभी, पॅरिसमध्ये राहणाऱ्या दोन अमेरिकन स्त्रियांनी कुलुपांविरुद्ध स्वाक्षरी मोहीम सुरू केली होती. तिला हजारो लोकांचा पाठिंबा मिळाला. कुलुपे लावणारे बहुसंख्येने परदेशी पाहुणे आणि त्यांना विरोध करण्यात पुढाकार घेणाऱ्याही मूळच्या परदेशीच, हा या वादाचा एक लक्षणीय विशेष होय.

विरोधकांचे म्हणणे केवळ सुरक्षिततेपुरते मर्यादित नव्हते. वारसावास्तूचे विद्रूपीकरण, जाळीतून दिसणाऱ्या दृश्याचा लोप, फेरीवाल्यांचा उपद्रव, नदीच्या तळाशी साचणाऱ्या किल्ल्या, कठड्यालगतच्या खांबांवर वाढलेले लेखन अशा अनेक तक्रारी त्यात होत्या. पण त्या सर्वांच्या मुळाशी आपला पूल आपल्या हातून गेला ही स्थानिकांची भावना होती. पूर्वी संध्याकाळी बसण्याची जी जागा होती, तिचे रूपांतर छायाचित्र काढून पुढे जाण्याच्या ठिकाणात झाले होते. काहींचा आक्षेप तर प्रतीकालाच होता. प्रेम हे मुक्त मनाने रोज नव्याने स्वीकारावयाचे असते, त्याला कुलूप घालून किल्ली फेकणे ही प्रेमाची नव्हे तर मालकीची खूण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

समर्थकांची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. त्यांच्या मते ही प्रथा कोणत्याही शासनाने वा कंपनीने आखलेली नव्हती. सामान्य माणसांनी आपण होऊन घडविलेली ती एक सामूहिक कलाकृती होती. त्या कुलुपांत विवाहाच्या, वर्धापनदिनाच्या आणि काही ठिकाणी दिवंगत जोडीदाराच्याही स्मृती होत्या. ती कापून काढणे म्हणजे कोणाच्या तरी आयुष्यातील एका दिवसाची अवहेलना करणे होय. शिवाय 'प्रेमाची नगरी' अशी पॅरिसची प्रतिमा जगभर विकून त्यावर उत्पन्न मिळवायचे आणि त्या प्रतिमेवर विश्वास ठेवून आलेल्या जोडप्याला मात्र वारशाचा शत्रू ठरवायचे, यात दांभिकता आहे, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड नसला तरी टोचणारा होता.

नगर प्रशासनाची अडचण याच ठिकाणी होती. दंड केला तर नगरीची प्रतिमा डागाळणार, आणि दुर्लक्ष केले तर कठडा कोसळणार. म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये प्रथम सौम्य मार्ग स्वीकारण्यात आला. कुलूप लावण्याऐवजी पुलावर स्वतःचे छायाचित्र काढून ते प्रसृत करावे, असे आवाहन पर्यटकांना करण्यात आले. त्याचा फारसा परिणाम झाला नाही. तो होणेही कठीणच होते. छायाचित्र जोडप्यासोबत घरी जाते, कुलूप त्या जागी राहते, आणि कुलुपाचे सगळे मोल त्या राहण्यात आहे. त्याच शरद ऋतूत जाळीच्या जागी पारदर्शक तावदाने बसविण्याचे प्रयोग सुरू झाले.

१ जून २०१५ रोजी क्रेनच्या साहाय्याने कुलुपांसह जाळ्या उचलण्यास प्रारंभ झाला. उपमहापौर ब्रुनो जुलियार यांनी सुरक्षितता आणि वारसा अशी दोन्ही कारणे पुढे केली. नोत्र दाम कॅथिड्रलच्या मागील बाजूस असलेल्या 'पाँ द लार्शव्हेशे' या पुलावरील कुलुपेही हटविण्यात आली. 'पाँ दे झार' वर काही काळ चित्रकारांनी रंगविलेले लाकडी फलक होते आणि त्यानंतर कठड्याला काचेची तावदाने बसविण्यात आली.

६. अन्य नगरांचे अनुभव

सर्वच नगरांनी पॅरिससारखा मार्ग अनुसरला नाही. जर्मनीतील कोलोन येथील होहेनझोलर्न पुलावर २००८ पासून कुलुपे लावली जात आहेत. पुलाची मालकी असलेल्या रेल्वेने प्रारंभी ती काढण्याचा विचार केला होता, पण लोकांचा विरोध पाहून तो सोडून दिला. तेथील कुलुपांचे वजन सुमारे ४० टन असल्याचा अंदाज वेळोवेळी व्यक्त झाला आहे, म्हणजे जवळजवळ पॅरिसइतकाच. तरीही तेथे हाहाकार माजला नाही, कारण तो मुळात जड आगगाड्यांसाठी बांधलेला पूल आहे. एका विद्युत इंजिनाचेच वजन ८० टनांच्या घरात जाते. शिवाय कुलुपे आहेत ती पादचारी मार्ग आणि रूळ यांच्यामधील कुंपणावर. तेथील जाळी निसटली तरी ती नौकेवर पडण्याचा संभव नाही, आणि कोणाचे नदीदर्शनही अडत नाही. एकच कृती एका पुलावर अपाय ठरते आणि दुसऱ्यावर नगराचे भूषण, याचे उत्तर पुष्कळदा भावनेत नसून रचनेत असते.

मॉस्को आणि सोल येथे कुलुपांसाठी धातूची झाडे उभारण्यात आली. मेलबर्नमध्ये २०१५ साली एका पादचारी पुलाच्या कठड्याच्या तारा लोंबू लागल्याने सुमारे २०,००० कुलुपे काढण्यात आली. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये ब्रुकलिन पुलावर १०० डॉलर दंडाचे फलक लावले. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाने २०२३ मध्ये दिलेला इशारा मात्र अगदी निराळा आहे. तेथील कुंपणाला कुलूप लावून दरीत फेकलेल्या चकचकीत किल्ल्या व नाणी दुर्मीळ कॅलिफोर्निया कॉन्डर पक्षी कुतूहलाने गिळतात आणि त्यांच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. किल्ली फेकणाऱ्याच्या दृष्टीने ती जगातून नाहीशी झालेली असते, प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी पोटात जाते.

७. सामायिक संपत्ती आणि खुणेचा हक्क

या सर्व घटनांकडे सामाजिक शास्त्रांच्या दृष्टीने पाहिले असता गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या 'सामायिक संपत्तीच्या शोकांतिके'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. सामायिक कुरणात प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, त्याचा लाभ एकट्याला होतो, तोटा मात्र सर्वांत विभागला जातो आणि अखेर कुरण उजाड होते. पुलावरही हेच घडले. कोणतेही एक कुलूप अपायकारक नव्हते, त्यामुळे कठडा कोणी पाडला या प्रश्नाला उत्तर नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हार्डिनच्या या निराशावादास १९९० मधील आपल्या ग्रंथात सप्रमाण उत्तर दिले. मच्छीमार, शेतकरी, वनांवर जगणारे समूह सामायिक साधने पिढ्यान्पिढ्या टिकवून ठेवतात, कारण वापरणारे एकमेकांना ओळखतात, नियम स्वतः ठरवतात आणि मोडणाऱ्यावर नजर ठेवतात, असे त्यांनी दाखवून दिले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. प्रेमकुलुपांच्या बाबतीत ऑस्ट्रॉम यांच्या अटींपैकी एकही पूर्ण होत नाही. पर्यटक पुलावर आयुष्यात एकदाच येतो, इतरांना तो ओळखत नाही, आणि कठडा कोसळतो तेव्हा तो हजारो मैल दूर असतो. जे पुलावर रोज येतात त्यांच्या हाती नियम करण्याचे साधन नसते. म्हणून हा प्रश्न शेजाऱ्यांच्या सामंजस्याने सुटण्याऐवजी प्रशासनाच्या कात्रीने सुटतो.

भारतीय वाचकास ही प्रथा परकी वाटली तरी तिच्यामागील वृत्ती परकी नाही. वटपौर्णिमेला वडाभोवती गुंडाळला जाणारा दोरा किंवा फतेहपूर सिक्री येथील सलीम चिश्ती यांच्या दर्ग्याच्या संगमरवरी जाळीला बांधला जाणारा धागा हेही इच्छेला वस्तुरूप देण्याचेच प्रकार आहेत. परंतु सुती दोरा ऊनपावसात विरून जातो, धागे वेळोवेळी काढले जातात, आणि पुढच्या वर्षीच्या दोऱ्यासाठी झाड मोकळे होते. अशा प्रथांनी नाशवंत माध्यम निवडून नव्याने येणाऱ्यासाठी जागा राखली आहे. पितळी कुलुपाचे वैशिष्ट्य नेमके याच्या उलट आहे. त्याने कधीच जागा सोडू नये अशी लावणाऱ्याची अपेक्षा असते.

याहून निकटचे साम्य महाराष्ट्रातील गडकोटांवर कोरलेल्या व रंगविलेल्या नावांचे आहे. बदामाच्या आकारात दोन आद्याक्षरे घेऊन उभा असलेला बुरूज पाहिला नाही असा दुर्गप्रेमी विरळा. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाच्या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आहेत. तेव्हा हा विषय आपल्यासाठी केवळ पॅरिसची वार्ता नाही. एक भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो. दगडावरील ओरखडा पुसता येत नाही. कुलूप कापता येते आणि कठडा पुन्हा बसविता येतो. म्हणूनच पॅरिसला कायद्याची कठोर कलमे न लावता केवळ जाळी बदलून मार्ग काढता आला, गडाच्या तटबंदीला ती सोय नाही.

८. काढलेल्या कुलुपांचे पुढे काय झाले?

कुलुपांवर मालकी कोणाची, हा प्रश्न ती काढल्यावर उपस्थित झाला. लावणाऱ्याने किल्ली स्वहस्ते नदीत टाकलेली असते, म्हणजे वस्तूवरील ताबा त्याने सोडलेला असतो. पण ज्या अर्थी तो ती कायम राहावी अशी अपेक्षा करतो, त्या अर्थी तिच्यावरील भावनिक हक्क त्याने सोडलेला नसतो. पॅरिसच्या प्रशासनाने या पेचातून एक व्यवहारी वाट काढली. मे २०१७ मध्ये सुमारे १० टन कुलुपे सुटी व झुबक्यांच्या स्वरूपात, काही जाळीच्या तुकड्यांसह, लिलावात विकण्यात आली. त्यातून सुमारे अडीच लाख युरो जमा झाले आणि ती रक्कम निर्वासितांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना देण्यात आली. एकेकाळी ज्यांना भंगार आणि धोका म्हटले गेले, त्याच कुलुपांना लोकांनी पैसे मोजून घरी नेले. समर्थक ज्याला लोककलाकृती म्हणत होते, त्याचे काही अंशी मान्यतापत्र त्यांना लिलावगृहाच्या हातोड्याने दिले असे म्हणावे लागेल.

'पाँ दे झार' च्या काचेच्या कठड्यात कुलूप अडकविण्यास छिद्र नाही. लाकडी फळ्यांवर बसणाऱ्यास सिते बेटाचे टोक पुन्हा दिसू लागले, मात्र काचेआडून. कुलुपे नाहीशी झाली नाहीत. ती काहीशे मीटर वरच्या अंगाला, १५७८ ते १६०७ या काळात बांधलेल्या पाँ नफ पुलावर, चौथ्या हेन्रीच्या अश्वारूढ पुतळ्यामागील लोखंडी जाळीवर जाऊन लटकली, आणि तेथूनही ती वेळोवेळी कापून न्यावी लागली.